‘तोडून देणे’ आणि ‘लावून देणे’ : वऱ्हाडच्या तहांतील एका क्रियापदाचा इतिहास

पर्यायी शब्दांची निवड हा विषय सामान्यतः शैलीविचारात मोडतो. दोन क्रियापदे समानार्थी दिसली तरी त्यांच्या अर्थच्छटा भिन्न असतात, हे विद्यार्थ्यांस निबंधलेखनाच्या निमित्ताने शिकविले जाते. परंतु एका इंग्रजी क्रियापदाच्या जागी दुसरे योजल्यामुळे एका संपूर्ण प्रांताचे राजकीय स्वरूप पाऊण शतकाहून अधिक काळ वादग्रस्त राहावे, असा प्रसंग विरळा. वऱ्हाडच्या इतिहासात तो घडला आहे. आणि त्याचे परिणाम देऊळगाव राजासारख्या सीमेवरील गावाने प्रत्यक्ष अनुभवले आहेत.

देऊळगाव राजा हे सिंदखेडकर जाधवांच्या इतिहासाशी निगडित असलेले आणि बालाजीच्या आश्विनातील यात्रेमुळे दूरवर ख्यात झालेले गाव. आज ते बुलढाणा जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. इंग्रजी अमदानीत ते चिखली तालुक्यात मोडत असे. येथून जालन्याच्या वाटेला लागले की थोड्याच अंतरावर निजामाचा प्रत्यक्ष अंमल असलेला मुलूख सुरू होई. अलीकडे कलदार रुपया, पलीकडे हाली शिक्का. अलीकडच्या कचेऱ्यांत मराठी, तर पलीकडच्या दरबारी कारभारात १८८४ पर्यंत फार्सी व त्यानंतर उर्दू. बोली मात्र दोहोंकडे मराठीच होती. ही सीमा नदीने वा डोंगराने आखलेली नव्हती. ती आखली १८५३ व १८६० च्या तहांनी, आणि त्या तहांच्या मुळाशी ‘असाइन’ हे क्रियापद होते.

या क्रियापदाचे मोल कळण्यासाठी प्रथम १८०० च्या तहाकडे वळावे लागते. त्या वर्षी निजामाने बेल्लारी, कडप्पा वगैरे प्रदेश कंपनीस दिले, तेव्हा जे क्रियापद योजण्यात आले ते ‘सीड’. त्याचे मूळ लॅटिन भाषेत असून तेथे त्याचा अर्थ जाणे, मागे सरणे असा आहे. जो ‘सीड’ करतो तो आपला पाय काढून घेतो. स्वामित्वासह निघून जातो. मराठी दफ्तरांत यास नेमका प्रतिशब्द आहे : मुलूख तोडून देणे. तोडलेली फांदी पुन्हा झाडास लागत नाही. हे जिल्हे मद्रास इलाख्यात विलीन झाले. इंग्रजीत त्यांस ‘सीडेड डिस्ट्रिक्ट्स’ व तेलुगूत ‘दत्तमंडल’ हे नाव पडले, आणि १९२८ मध्ये ‘रायलसीमा’ हे नाव पुढे येईपर्यंत ते रूढ होते. त्यांच्या परतीचा प्रश्न वऱ्हाडासारखा कधी धगधगत राहिला नाही.

१८५३ मध्ये परिस्थिती वेगळी होती. हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा पगार थकला होता आणि कंपनीचे कर्ज निजामावर चढले होते. गव्हर्नर-जनरल डलहौसीच्या मनात मुलूख कायमचा घ्यावा असे होते. परंतु निजाम नासिरुद्दौला यांनी ‘कायमचा’ या कल्पनेस कसून विरोध केला, आणि रेसिडेंट कर्नल लो यांना ती मागणी सोडून द्यावी लागली. २१ मे १८५३ रोजी जो तह झाला त्यात निजामाने वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब हे प्रदेश रेसिडेंटच्या अनन्य व्यवस्थेकडे ‘असाइन’ केले. एचिसनच्या तहसंग्रहात हा मजकूर पाहावयास मिळतो. शिवाय रेसिडेंटने दरसाल खरा हिशेब द्यावा व खर्च भागून उरलेला वसूल निजामास पोचता करावा, असेही कलम त्यात होते.

‘असाइन’ या शब्दात लॅटिन ‘सिग्नुम्’ म्हणजे खूण हा शब्द दडलेला आहे. खूण करून वेगळे काढणे, अमुक कामासाठी नेमून ठेवणे, हा त्याचा गाभा. मराठेशाहीच्या परिभाषेत हाच व्यवहार ‘फौजेच्या बेगमीस मुलूख लावून देणे’ असा सांगितला जाई. येथे मराठी क्रियापद इंग्रजीहूनही बोलके आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. लावून दिलेली वस्तू देणाऱ्याचीच असते. ती कशास लावली हे सांगावे लागते, आणि ते प्रयोजन संपले की ती मोकळी होते. ‘तोडून’ आणि ‘लावून’ या दोन्ही पूर्वकालवाचक धातुसाधितांपुढे ‘देणे’ हे एकच क्रियापद येते. सारा भेद पहिल्या पदात आहे. इंग्रजीत हा भेद दोन स्वतंत्र धातू वाहतात, आणि वरवर वाचणाऱ्यास ते समानार्थी वाटतात.

१८६० च्या तहाने धाराशिव व रायचूर दुआब परत मिळाले आणि सुमारे पन्नास लक्षांचे कर्ज माफ झाले. वऱ्हाड मात्र १८५३ मधील हेतूंसाठी ‘विश्वस्त’ नात्याने इंग्रजांकडे राहिले, आणि हिशेब मागण्याचा हक्क निजामाने सोडला. पहिले सालारजंग यांनी १८७० नंतरच्या दशकात वऱ्हाड परत मागितले, तेव्हा त्यांच्या युक्तिवादाचा कणा हाच होता : मुलूख विशिष्ट खर्चासाठी दिला आहे, त्या खर्चाची तजवीज रोख ठेव ठेवून केली तर तो अडकवून ठेवण्याचे कारण उरत नाही. हा युक्तिवाद व्याकरणदृष्ट्या निर्दोष होता. सरकारने तो मानला नाही, ही गोष्ट निराळी.

लॉर्ड कर्झनने १९०२ मध्ये तिसरे क्रियापद आणले. ५ नोव्हेंबरच्या कराराने निजामाचे सार्वभौमत्व मान्य करून वऱ्हाड सालिना पंचवीस लक्ष रुपयांवर कायमच्या ‘लीज’ने घेण्यात आले. ‘लीज’चे मूळ फ्रेंच असून त्यात सोडणे, मोकळे करणे हा भाव आहे. व्यवहारात पट्टा म्हटला की मुदत आली आणि मुदत संपल्यावर परती आली. ‘कायमचा’ हे विशेषण ती परतीच नाहीशी करते. वकिलास यात विसंगती दिसणार नाही, कारण कायम पट्ट्याच्या जमिनी सर्वत्र आहेत. परंतु १८५३ मध्ये नासिरुद्दौलांनी जो शब्द दारातून परतविला होता, तो एकोणपन्नास वर्षांनी खिडकीतून आत आला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

१९०३ मध्ये वऱ्हाड मध्यप्रांतास जोडले गेले. तथापि क्रियापदाची छाया सरली नाही. तांत्रिक दृष्ट्या वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नव्हते. मध्यप्रांतात सहज लागू होणारा कायदा येथे परकीय अधिकारक्षेत्राच्या वेगळ्या आदेशाने लागू करावा लागे. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर देऊळगावच्या मतदाराने मत दिले तरी वऱ्हाडातून निवडून आलेला सभासद कागदोपत्री ‘नियुक्त’ म्हणूनच नागपूरच्या कौन्सिलात बसे. मत खरे, निवडणूक खरी, फक्त क्रियापद वेगळे.

निजाम उस्मान अली खान यांनी १९२३ मध्ये प्रश्न पुन्हा उकरून काढला. २७ मार्च १९२६ रोजी लॉर्ड रीडिंगने दिलेल्या उत्तराचा भर तहांतील शब्दांपेक्षा ब्रिटिश सत्तेच्या सर्वश्रेष्ठत्वावर होता. शब्दाचा अर्थ प्रतिकूल ठरू लागला की अर्थ लावण्याचा अधिकारच आपल्याकडे घ्यावा, अशी ही रीत. तरीही १९३५ च्या कायद्यात प्रांताचे नाव ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ असे जोडनावच राहिले. १९३६ च्या करारानंतर निजामाच्या ज्येष्ठ पुत्रास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली. लावून दिलेल्या मुलखावरील धन्याची खूण एवढीच उरली होती. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतीय सैन्याच्या ताब्यात आले, आणि देऊळगावहून जालन्यास जाणाऱ्या वाटेवरील ती सीमा १९५६ मध्ये एकाच राज्यातील दोन जिल्ह्यांमधील हद्द झाली.