बाबासाहेब आणि देशाची सुरक्षा

महासत्तांची स्पर्धा आणि संरक्षण धोरण यांवरील चर्चेत आपण बाबासाहेबांचे नाव क्वचितच ऐकतो.

२७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिलाचे कारण आपल्याला पाठ आहे. १० ऑक्टोबरच्या निवेदनात परराष्ट्र धोरणावरील नाराजीही होती. वार्षिक ३५० कोटी रुपयांच्या महसुलातले सुमारे १८० कोटी लष्करावर जातात, कारण संकटात मदतीला येईल असा मित्र उरला नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

२९ एप्रिल १९५४ रोजी तिबेटबाबत भारत-चीन पंचशील करार झाला. २६ ऑगस्टला राज्यसभेत बाबासाहेबांनी त्यावर बोट ठेवले. पंचशील हा बौद्ध धम्माचा गाभा. माओंची त्यावर श्रद्धा असती तर त्यांनी आपल्याच देशातील बौद्धांना वेगळे वागवले असते. ल्हासा चीनच्या हाती जाऊ देऊन आपणच चीनची सीमा भारताला आणून भिडवली, असेही त्यांनी बजावले. आठ वर्षांनी, १९६२ मध्ये, युद्ध झाले.

शब्दांवर नव्हे, आचरणावर विश्वास ठेवा, हा त्यांचा निकष. सिल्व्हर पार्कपासून खेड्यापाड्यापर्यंतच्या आपल्या तरुणांनी शासनाने प्रकाशित केलेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथमालेचा १५ वा खंड जरूर वाचावा.