विंचेस्टर मॉडेल ७० (उपप्रकारांची ओळख)

विंचेस्टर मॉडेल ७० ही अमेरिकेतील कनेटिकट राज्यातल्या न्यू हेवन येथे निर्माण झालेली बोल्ट-अ‍ॅक्शन पद्धतीची शिकारी रायफल आहे. हिचे उत्पादन १९३६ मध्ये सुरू झाले. १९२५ मधील मॉडेल ५४ ची ही सुधारित आवृत्ती होय. बाह्यतः सारख्या दिसणाऱ्या या रायफलींमध्ये काळानुसार बरेच भेद आढळतात. संग्राहकांच्या दृष्टीने १९६४ पूर्वीच्या रायफलींचे मोल विशेष असल्यामुळे हे भेद ओळखणे महत्त्वाचे ठरते.

१९६४ ची विभाजनरेषा

जुन्या रायफलीच्या बोल्टवर माउझर पद्धतीची लांब, पोलादी पकड असते. पेटीतून वर येणारे काडतूस ही पकड आधीच धरते व शेवटपर्यंत सोडत नाही. १९६४ मध्ये उत्पादनखर्च कमी करण्यासाठी ही रचना बदलली. लांब पकड जाऊन बोल्टच्या तोंडाशी लहान पकड आली. लाकडी दस्त्यावरील जाळीदार नक्षी पूर्वी कोरली जात असे. ती आता दाबून उमटवली जाऊ लागली. या बदलांवर ग्राहकांनी तीव्र नाराजी व्यक्त केली.

अनुक्रमांक रिसीव्हरच्या पुढील भागावर उजव्या बाजूस असतो. १९६३ अखेरपर्यंतचे अनुक्रमांक सुमारे ५,८१,००० पर्यंत पोहोचले होते. नव्या रचनेची मालिका ७,००,००० पासून सुरू झाली आणि १९६८ पासून क्रमांकाआधी 'जी' हे अक्षर आले.

केवळ लांब पकड पाहून रायफल जुनी ठरविता येत नाही. १९९० च्या दशकात 'क्लासिक' या नावाने तीच रचना पुन्हा बाजारात आली. म्हणून पकड आणि अनुक्रमांक यांचा मेळ घालणे आवश्यक असते.

युद्धपूर्व व युद्धोत्तर भेद

दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या रिसीव्हरची मागील शेपटी त्रिदल पानासारखी असते. युद्धानंतर ती साधी, गोलाकार झाली. युद्धपूर्व रिसीव्हरच्या मागील सेतूवर दुर्बीण बसविण्याची छिद्रे कारखान्यात पाडली जात नसत. त्यामुळे अशा रायफलीवर ती दिसल्यास ती बहुधा नंतर पाडलेली असतात आणि संग्राह्य मूल्य घटते.

प्रमुख उपप्रकार

* प्रमाण रायफल : .३०-०६ स्प्रिंगफील्ड व .२७० विंचेस्टर ही सर्वाधिक प्रचलित काडतुसे. नळी सामान्यतः २४ इंच.
* कार्बाइन : २० इंच नळी; मुख्यतः युद्धपूर्व काळातील.
* सुपर ग्रेड : निवडक लाकूड व अधिक सफाईदार काम.
* फेदरवेट (१९५२) : २२ इंच नळी, चापाचे कडे व तळपट्टी अ‍ॅल्युमिनियमची. हेच नाव १९८० च्या दशकात नव्या रचनेलाही दिले गेले.
* आफ्रिकन (१९५६) : मोठ्या श्वापदांच्या शिकारीसाठी .४५८ विंचेस्टर मॅग्नम.

पडताळणी

बहुतेक जुन्या नळ्यांच्या खालच्या बाजूस वर्षाचे शेवटचे दोन अंक ठोकलेले असतात. दस्ता काढल्यावरच ते दिसतात. हे वर्ष व अनुक्रमांकावरून निघणारे वर्ष यांत एक-दोन वर्षांचा फरक असू शकतो, कारण तयार रिसीव्हर काही काळ साठ्यात राहत. फरक मोठा असल्यास नळी बदललेली असण्याची शक्यता असते.

नळीवर कोरलेले काडतुसाचे नावही अंतिम पुरावा नव्हे. .३०० हॉलंड अँड हॉलंड मॅग्नमच्या अनेक रायफलींचे कक्ष पुढे .३०० वेदरबी मॅग्नमसाठी वाढविण्यात आले; सर्वांवर नवा शिक्का मारला गेलाच असे नाही. वाढविलेल्या कक्षात मूळ काडतूस उडवल्यास त्याचे कवच फुगते वा फाटू शकते. त्यामुळे जुनी रायफल वापरण्यापूर्वी कुशल बंदूक-कारागिराकडून कक्षाचे मोजमाप करून घेणे अत्यावश्यक आहे. संग्राहकाच्या लेखी हा प्रश्न किमतीचा असतो. वापरणाऱ्याच्या लेखी तो जिवाचा असतो.

उत्तरकाळ

न्यू हेवन येथील कारखाना २००६ मध्ये बंद पडला. त्यानंतर २००८ मध्ये दक्षिण कॅरोलिना राज्यात उत्पादन पुन्हा सुरू झाले.