कापूस, गिरणगाव आणि जैव-अर्थव्यवस्था

'जैव-अर्थव्यवस्था' हा शब्द अलीकडे तुमच्या कानांवर पडला असेल. शब्द जड आहे. अर्थ मात्र सोपा. कोळसा आणि खनिज तेल एकदा जळले की संपले. त्यांच्याऐवजी दरसाल उगवणारी पिके, त्यांचा काडीकचरा आणि सूक्ष्म जीव यांच्यापासून इंधन, औषधे, कापड अशा वस्तू कराव्यात, असा हा विचार. केंद्रीय मंत्रिमंडळाने २४ ऑगस्ट २०२४ रोजी त्यासाठी 'बायो-ई-थ्री' हे धोरण मंजूर केले.

तुम्ही म्हणाल, यात इतिहास शिकवणाऱ्याने बोलावे असे काय आहे? आहे. मुंबईतले लालबाग, परळ, दादर हे सारे गिरणगाव एका पिकावरच उभे राहिले. ते पीक म्हणजे कापूस.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला गिरणी सुरू झाली. पुढे १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस विलायतेला मिळेना. मग इकडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. मुंबईत पैशाचा पूर लोटला. कापसाचे दलाल प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर आजही विद्यापीठाच्या आवारात दिसतो.

पण १८६५ साली युद्ध संपले आणि भाव कोसळला. मुंबईत बँका व कंपन्या बुडाल्या. खेड्यात काय झाले? चढ्या भावाच्या काळात सावकाराने हात सैल सोडला होता. आता तोच गळ्याशी आला. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी कर्जखते जाळली. त्या उद्रेकामागे वाढलेल्या शेतसाऱ्याबरोबर ही मंदीही होती, असे इतिहासकार सांगतात. शेतकऱ्याने पीक तेच काढले. भाव मात्र सातासमुद्रापलीकडच्या लढाईने ठरवला.

गिरण्या पुढे वाढल्या. कोकणातून, घाटावरून आलेल्या माणसांनी चाळी भरल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. आज त्या जागांवर मॉल आणि टोलेजंग इमारती आहेत. कच्चा माल शेतातला होता म्हणून कामगाराची भाकरी कायमची राहिली, असे झाले नाही.

आता एक धागा पाहा. मुंबई विद्यापीठाने १९३३ साली रसायन तंत्रज्ञानाचा विभाग काढला. त्यात कापडाचे रसायनशास्त्र शिकवीत. आज माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था ती हीच. पिकांच्या अवशेषांपासून इथेनॉल करण्याची रीत तिथल्या संशोधकांनी बसवली आणि २०१६ साली उत्तराखंडातील काशीपूरला तिचा चाचणी-कारखाना उभा राहिला. म्हणजे गिरणीने बोंडातला कापूस नेला, सरकीचे तेल आणि पेंड झाली. आता मागे उरलेल्या काडीलाही मोल येऊ पाहत आहे.

ही गोष्ट चांगलीच आहे. पण काडी काही फुकट पडलेली नसते. पऱ्हाटी कुणाच्या चुलीत जाते, कडबा गुरांच्या दावणीत जातो, पालापाचोळा कुजून जमिनीत परततो. कारखान्याने सारेच उचलले, तर चूल, गोठा आणि जमीन यांचे काय? काडीचा भाव कोण ठरवणार, आणि तो पडला तर तोटा कोणी सोसायचा? १८६५ साली हे प्रश्न कोणी आधी विचारले नाहीत. आपण विचारले पाहिजेत, तेही कारखाना यायच्या आधी, ग्रामसभेत.

शिक्षक मंडळींनी यात एक काम करावे. वर्गातल्या मुलांना एका एकराचा हिशेब मांडायला सांगावा : काय पिकले, काय विकले, काय जाळले आणि जमिनीला परत काय दिले. चार रकान्यांचा तो कागद गावाला या प्रश्नाचा निर्णय करताना उपयोगी पडेल.