फडातला सोंगाड्या पडद्यावर

सांगलीला नाट्यपंढरी म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि ती रास्तही आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली आपले ‘सीतास्वयंवर’ येथेच रंगविले. शेजारच्या हरिपूरच्या देवलांनी ‘शारदा’ व ‘संशयकल्लोळ’ दिले. परंतु याच मुलखातून दुसरीही एक दिंडी चालत होती. तिच्या हाती टाळ नव्हते, पायी चाळ होते. शिष्टांच्या इतिहासात तिला जागा मिळाली ती फार उशिरा.

आमचे गाव कृष्णाकाठी, कऱ्हाडच्या खाली. तेथून रेठरे हरणाक्ष फारसे दूर नाही. तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होते. पुढे १९४९ साली दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. या रेठऱ्याच्या श्रीधर कृष्णाजी कुलकर्ण्यांचे पठ्ठे बापूराव झाले, ही हकिकत आम्ही लहानपणी दबल्या आवाजात ऐकली. कुलकर्ण्याचा मुलगा लावणीच्या नादाने फडात गेला, पवळेबरोबर उभा राहिला आणि त्याची जात त्याला अंतरली. त्याच्या लावण्या मात्र गावोगाव गेल्या. आमचे वडील प्राथमिक शाळेत मास्तर. ते बापूरावांचे उदाहरण मुलांना सांगत ते केवळ धाक घालण्यासाठी.

तमाशात गण झाला, गवळण झाली की बतावणी येते, आणि तेथे राज्य सोंगाड्याचे. तो राजाला उलट बोलतो, पाटलाची टोपी उडवतो आणि कालच्या बाजारातली बातमी आज वगात घुसडतो. कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांनी ‘जहरी प्याल्या’त जे दोन हवालदार उभे केले, ते पाहण्यासाठी माणसे गाड्या जुंपून येत. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणाने तमाशावर काही काळ बंदी घातली, नंतर ती उठविली. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांसारख्यांनी त्याला लोकनाट्य हे नाव रूढ केले. नाव बदलले, सोंगाड्या तोच राहिला.

हा सोंगाड्या शहरात गाजविला तो दादा कोंडक्यांनी. नायगावच्या गिरणगावात वाढलेला, बँडपथकात वाजविलेला, सेवादलाच्या कलापथकात तयार झालेला हा माणूस. वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यात १९६५ पासून तो हवालदार झाला आणि रोजच्या राजकारणावर रोज नवे बोलू लागला. हा खेळ पाहून आशा भोसल्यांनी भालजी पेंढारकरांपाशी त्याचे नाव काढले, असे सांगतात. आशाबाईंचा जन्मही सांगलीचाच, १९३३ सालचा. भालजींच्या ‘तांबडी माती’त, १९६९ साली, दादा प्रथम पडद्यावर आले. पुढे त्यांनी स्वतःच चित्रपट काढायचे ठरविले. तोच १९७१ चा ‘सोंगाड्या’.

कथा सबनिसांची, दिग्दर्शन गोविंद कुळकर्ण्यांचे. संगीत राम कदमांचे, आणि ते मिरजेचे. मिरज म्हणजे तंबोरे आणि अब्दुल करीम खाँसाहेब, एवढेच ज्यांना ठाऊक, त्यांनी हेही ध्यानी ठेवावे की ढोलकीच्या ठेक्यावर अवघा महाराष्ट्र डोलविणारा संगीतकारही तेथलाच. गोष्ट साधी आहे. भोळा नाम्या तमाशातल्या कलावतीच्या नादी लागतो, करारी आई त्याला घराबाहेर काढते आणि तो फडाच्या आसऱ्याला जातो. दादांच्या नाम्याबरोबर उषा चव्हाण, निळू फुले, गणपत पाटील होते, आई रत्नमाला. मला तर तो चित्रपट पाहताना बापूरावांचीच गोष्ट हसत हसत सांगितल्यासारखी वाटली.

मुंबईत दादरच्या ‘कोहिनूर’मध्ये त्याला जागा मिळेना, तेथे देव आनंदचा ‘तेरे मेरे सपने’ लावायचा होता. तेव्हा बाळ ठाकरे यांच्या शिवसेनेने आवाज उठविला आणि ‘सोंगाड्या’ लागला. मग तो जो चालला, त्याने दादांच्या रौप्यमहोत्सवांची माळच सुरू झाली. ओळीने नऊ चित्रपटांचा हा विक्रम पुढे गिनीज बुकात नोंदला गेला. पांढरपेशांनी द्व्यर्थी बोलण्याबद्दल नाके मुरडली. आमच्याकडे त्यात कुणाला नवल वाटले नाही. बतावणीला बसलेल्या माणसाला ती बोली परकी नव्हती.

नवल घडले ते वेगळेच. तालुक्याच्या टॉकीजला ‘सोंगाड्या’ आला तेव्हा बायका गाड्या करून गेल्या. जन्मात तमाशाच्या कनातीकडे न पाहिलेली माझी आई चुलत्यांच्या बायकांबरोबर गेली आणि वडिलांनी नाही म्हटले नाही. मीही बरोबर होतो. ती पदर तोंडाला लावून हसली, आणि रत्नमालाबाईंनी लेकाला बाहेर काढले तेव्हा त्याच पदराने तिने डोळे पुसले.

त्या वर्षी जत्रेत फड आला. आईने वडिलांना विचारले, “त्यात काय वंगाळ असतंय वो? टाकीत तर आमी बघितलंच की.” वडील म्हणाले, “टाकी येगळी, कनात येगळी.” आई गेली नाही.

आमच्या आळीत एक म्हातारा ढोलकीवाला राही. त्याला मी आनंदाने सांगितले, “तात्या, तुमचा तमाशा पडद्यावर आला.” तो म्हणाला, “आला न्हवं? बरं झालं. पर बाळ, पडद्यावरचा बघून झाल्यावर आमच्याम्होरं कोन बसायचं?”

तेव्हा मला ते म्हाताऱ्याचे रडगाणे वाटले. आज तसे वाटत नाही. ‘सोंगाड्या’ने तमाशाचे हसू माजघरापर्यंत पोचविले, ही गोष्ट लहान नव्हे; माझ्या आईला ते तीन तास त्याच्यामुळेच मिळाले. पण मान मिळाला तो पडद्याला. कनातीतल्या माणसाच्या वाट्याला त्यातला फार थोडा आला. बापूरावांच्या वेळी जी वेस होती, ती माझ्या वडिलांच्या त्या एका वाक्यात तशीच उभी होती.