दुष्काळ, दुःख आणि ख्रिस्ती श्रद्धा : खानदेशाच्या संदर्भात एक विचार

एकोणिसाव्या शतकाची अखेर खानदेशाला फार कठीण गेली. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, त्याच वर्षी दुष्काळ सुरू झाला आणि 1899-1900 मध्ये विक्रम संवत 1956 चा, लोकांच्या तोंडी ‘छप्पन्या’ म्हणून राहिलेला भीषण दुष्काळ पडला. त्या वेळी खानदेश हा एकच जिल्हा होता. पूर्व व पश्चिम खानदेश ही विभागणी 1906 मधील. सातपुड्याच्या पायथ्याचे भिल्ल आणि गावोगावचे भूमिहीन मजूर यांना या आपत्तीची सर्वाधिक झळ पोहोचली.

याच काळात जळगाव-भुसावळ-चाळीसगाव भागात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे आणि पुढे पश्चिम खानदेशात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे कार्य चालले. या दोन्ही संस्थांच्या उपदेशात ख्रिस्ताच्या पुनरागमनाला मध्यवर्ती स्थान होते, ही बाब येथे महत्त्वाची ठरते. अलायन्सचे संस्थापक ए. बी. सिम्प्सन यांनी ख्रिस्ताला तारणारा, पवित्र करणारा व बरे करणारा याबरोबरच ‘येणारा राजा’ मानले. स्कँडिनेव्हियन मिशनचे फ्रेडरिक फ्रान्सन हे तर पुनरागमनाचेच प्रचारक होते. मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायातील दुष्काळाची आणि प्रकटीकरणातील तराजू हाती घेतलेल्या घोडेस्वाराची वर्णने त्यांच्या दृष्टीने केवळ प्रतीके नव्हती. एका दिवसाच्या मजुरीत जेमतेम शेरभर धान्य, हा त्या दर्शनाचा अर्थ खानदेशातील मजुराला समजावून सांगण्याची आवश्यकताच नव्हती! तथापि त्याच मत्तयात ही संकटे म्हणजे शेवट नव्हे, वेदनांचा केवळ आरंभ होय, असेही बजावलेले आहे. युगान्ताची अपेक्षा बाळगणारे मिशनरी अनाथगृहे चालवीत व धान्य वाटीत होते, यातील संगती या वचनावरून उलगडते.

दुष्काळातील बाप्तिस्मे हे अन्नासाठी झाले, हा आक्षेप तेव्हाच घेतला गेला आणि तो सहज झटकून टाकण्यासारखा नाही. मात्र एखादी व्यक्ती मंडळीत का आली आणि पाऊस पडून पोटाची सोय झाल्यावरही तेथे का राहिली, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना अभ्यासकापुढे अडचण उभी राहते. कारण उपलब्ध लेखन मुख्यतः देणगीदारांसाठी लिहिलेल्या मिशनच्या वृत्तान्तांचे आहे. त्यात भिल्ल ख्रिस्ती आढळतो, पण बोलतो तो मिशनरी.

म्हणूनच दुःखातील श्रद्धेचा मराठी आवाज ऐकण्यासाठी लक्ष्मीबाई टिळकांकडे वळावे लागते. त्यांचे वास्तव्य अहमदनगरचे असले तरी त्यांच्या दुःखाचा एक धागा खानदेशातला आहे. धरणगाव येथे 1890 मध्ये जन्मलेले आणि 1907 च्या जळगाव कविसंमेलनात ‘बालकवी’ ही पदवी लाभलेले त्र्यंबक बापूजी ठोमरे हे टिळकांच्या घरी मुलासारखे राहिले होते. ते ख्रिस्ती नव्हते. त्या घराला त्याची अडचणही नव्हती. 5 मे 1918 रोजी जळगाव-भुसावळ दरम्यानच्या भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली त्यांचा अंत झाला. त्यानंतर एक वर्ष आणि चार दिवसांनी, 9 मे 1919 रोजी, नारायण वामन टिळक मुंबईत वारले.

‘स्मृतिचित्रे’मध्ये या आघातांचे स्पष्टीकरण युगान्ताच्या परिभाषेत शोधणाऱ्या वाचकाची निराशा होईल. लक्ष्मीबाईंचा ईश्वर स्वयंपाकघरात, आजाऱ्याच्या उशाशी आणि पुष्कळदा विनोदातही सोबत करतो. पंडिता रमाबाईंची वाट याहून वेगळी. 1921 मध्ये कन्या मनोरमा निवर्तल्यावरही त्यांनी बायबलच्या भाषांतराचे काम सोडले नाही, ते पूर्ण केले आणि 5 एप्रिल 1922 रोजी देह ठेवला.

टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ मात्र अपुरे राहिले होते. अवघे सुमारे अकरा अध्याय त्यांच्या हातून झाले होते. शालेय शिक्षण न मिळालेल्या लक्ष्मीबाईंनी पतिनिधनानंतर उरलेल्या अध्यायांपैकी बहुतेक सर्व ओवीबद्ध केले. 1936 मध्ये त्या वारल्या आणि ग्रंथ 1938 मध्ये प्रसिद्ध झाला.