डकारचें उसनें गाणें

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सेनेगल हा देश असून डकार ही त्याची राजधानी आहे. डकारसमोर समुद्रांत गोरे नांवाचें लहानसें बेट आहे; गुलामांच्या व्यापाराचें तें एक ठाणें होतें. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून लक्षावधि माणसें अटलांटिक महासागरापलीकडे नेण्यांत आलीं आणि त्यांतील पुष्कळ क्यूबा बेटावरील उंसाच्या मळ्यांत राबलीं. तेथील गुलामगिरी १८८६ सालीं कायद्यानें संपली. या माणसांचें सर्वस्व गेलें, परंतु अंगांत मुरलेला ताल कोणास हिरावून घेतां आला नाहीं. त्या तालाचा स्पॅनिश गीतांशीं व गिटारीशीं संयोग होऊन क्यूबामध्यें ‘सोन’ हा गायनप्रकार जन्मास आला. पुढें न्यूयॉर्क शहरांत ज्या संगीतास ‘साल्सा’ हें नांव मिळालें, त्याचा मुख्य पाया हा सोनच होय.

१९३३ पासून ‘हिज मास्टर्स व्हॉइस’च्या ‘जी. व्ही.’ मालिकेंतून क्यूबन गाण्यांच्या तबकड्या आफ्रिकेंत विक्रीस येऊं लागल्या. ऐकणाऱ्यांस स्पॅनिश शब्द कळत नव्हते. ताल मात्र ओळखीचा वाटे. दोन लांकडी दांड्या एकमेकींवर आपटून पांच ठोक्यांचें एक आवर्तन होतें; पूर्वार्धांत तीन व उत्तरार्धांत दोन, किंवा याच्या उलट. सर्व वाद्यें या ठोक्यांस धरून चालतात. अशा घडणीचे ताल पश्चिम आफ्रिकेंत पूर्वापार वाजत आले होते.

१९६० सालीं सेनेगल स्वतंत्र झाला. राजभाषा फ्रेंचच राहिली. बाजारांत व घरांत मात्र बहुतेक ठिकाणीं वोलोफ चाले. त्याच वर्षीं इब्रा कासे यांनीं डकारमध्यें ‘स्टार बँड’ हा वाद्यवृंद उभा केला. त्याचे गायक तबकड्या ऐकून पाठ केलेलीं स्पॅनिश गाणीं गात. हें वरवर चमत्कारिक दिसतें, पण त्यांत एक अर्थ होता. फ्रेंच ही राज्यकर्त्यांची भाषा. क्यूबाचें गाणें मात्र आधुनिक असूनही त्यांच्या दरबारांतून आलेलें नव्हतें. तरीही प्रश्न उरलाच: नव्या राष्ट्रानें आपलें सुखदुःख अशा परक्या शब्दांत किती दिवस गावें?

याचें उत्तर १९७० सालीं स्थापन झालेल्या ‘ऑर्केस्ट्रा बाओबाब’ या वाद्यवृंदाच्या गाण्यांतून मिळूं लागलें. त्यांतील बाला सिदिबे व रूडी गोमिस हे दक्षिणेकडील कासामान्स प्रांताचे; गिटार वाजविणारा बार्थेलेमी आतिसो हा टोगो देशांतून कायदा शिकावयास आलेला विद्यार्थी. वोलोफ गाण्याची धुरा मात्र लाये म्बुप यानें उचलली. तो ग्रिओ होता. आपल्याकडील भाट-चारणांप्रमाणें ग्रिओ हे कुळांच्या वंशावळी व पराक्रम गात आले आहेत. सोनच्या उत्तरार्धांत साथीदार एक लहानसें पालुपद पुन्हां पुन्हां म्हणतात व मुख्य गायक त्यावर उत्स्फूर्त शब्द रचतो. ग्रिओच्या कलेस ही जागा जणूं मुद्दाम राखून ठेविली होती. त्याचा उंच, खडा स्वर तेथें सहज मावला आणि क्यूबन तालावर वोलोफ भाषा बोलूं लागली.

१९७४ सालीं मोटार अपघातांत लाये म्बुप मृत्यु पावला. त्यानें घातलेला पायंडा त्याच्यामागेंही टिकला. तथापि काळ बदलत होता. ‘साबार’ या देशी नगाऱ्यांना अग्रस्थान देणारें ‘म्बालाख’ संगीत यूसू न्दुर या तरुण गायकानें लोकप्रिय केलें. त्यापुढें बाओबाबचें संथ, डुलतें गाणें जुनें वाटूं लागलें आणि १९८० नंतरच्या दशकांत हा वृंद विसर्जित झाला. आतिसो टोगोस परतून वकिली करूं लागला. परंतु १९८२ सालीं ध्वनिमुद्रित झालेलीं त्यांचीं गाणीं पुढें युरोपांत प्रसिद्ध झालीं व नव्या श्रोत्यांस मोहवूं लागलीं. २००१ सालीं हे सोबती पुन्हां एकत्र आले. त्यांच्या २००२ सालच्या नव्या गीतसंग्रहाच्या निर्मितींत ज्यानें हातभार लावला, तो यूसू न्दुरच होता.

ज्याच्या लोकप्रियतेमुळें बाओबाबची सद्दी संपली, त्यानेंच पूर्वसूरींचें ऋण असें फेडलें. वोलोफ शब्दांस आधुनिक वाद्यमेळांत मानाचें स्थान आहे, ही गोष्ट त्याच्याआधीं या मंडळींनीं सिद्ध केली होती. गुलामांच्या जहाजांतून गेलेला ताल तबकड्यांतून परत आला. त्यास पुन्हां घरची वाचा देणें हें डकारच्या गायकांचें खरें कर्तृत्व होय.