बायोडिझेलचा वाहनांतील वापर : दक्षता व उत्तरदायित्व यांचा ऐतिहासिक मागोवा
(मुक्ताईनगर परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

तापी व पूर्णा या नद्यांच्या संगमापासून जवळ वसलेले मुक्ताईनगर, म्हणजेच पूर्वीचे एदलाबाद, हे संत मुक्ताबाईंच्या समाधिस्थानामुळे वारकरी संप्रदायात सर्वपरिचित आहे. वाहतुकीच्या दृष्टीने मात्र या गावाचे महत्त्व निराळे आहे. सुरत-कोलकाता राष्ट्रीय महामार्ग (पूर्वीचा क्रमांक ६, सध्याचा ५३) येथून जातो आणि मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूरकडे जाणारा रस्ताही याच परिसरातून फुटतो. रावेर, यावल व मुक्ताईनगर या तालुक्यांतील केळी उत्तर भारतात नेणारे ट्रक, कापसाच्या गाठींची वाहने, ऊस वाहून नेणारे ट्रॅक्टर या सर्वांचे अर्थकारण डिझेलच्या दरावर अवलंबून असते. २०२१ मध्ये महाराष्ट्रात डिझेलचा दर लिटरला ९० रुपयांच्या पुढे गेला. त्या सुमारास गुजरात व महाराष्ट्रातील महामार्गांलगत 'बायोडिझेल' अशा पाट्या लावून स्वस्त इंधनाची विक्री होऊ लागली आणि त्यावर प्रशासनाला ठिकठिकाणी कारवाई करावी लागली. पाटीवरचे नाव आणि टाकीतला पदार्थ यांत पडलेल्या या अंतराचा विचार करावयाचा, तर बायोडिझेलच्या वापराविषयीच्या दक्षता मुळात कोणत्या अनुभवांतून निर्माण झाल्या आणि त्या पाळण्याची जबाबदारी कोणाकडून कोणाकडे सरकत गेली, हे तपासणे आवश्यक ठरते. प्रस्तुत निबंधाचा हाच विषय आहे.

शेंगदाण्याचे तेल : आख्यायिका आणि वस्तुस्थिती

दरवर्षी १० ऑगस्ट हा दिवस जागतिक जैवइंधन दिन म्हणून साजरा केला जातो. १८९३ साली याच दिवशी रुडॉल्फ डिझेल यांनी आपले इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालविले, असे भाषणांतून व फलकांवरून सांगितले जाते. इतिहासाच्या कसोटीवर हे विधान टिकत नाही. त्या वर्षी जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे झालेली चाचणी शेंगदाण्याच्या तेलावरची नव्हती. शेंगदाण्याच्या तेलावर एक लहान डिझेल इंजिन चालले ते १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात. ते ऑटो कंपनीचे होते आणि प्रयोगामागे फ्रेंच सरकारची इच्छा होती. आपल्या आफ्रिकी वसाहतींत पिकणाऱ्या भुईमुगापासून तेथेच शक्तिनिर्मिती करता यावी, हा त्यामागील हेतू होता. स्वतः डिझेल यांनी पुढे १९१२ च्या सुमारास वनस्पती तेलांच्या भवितव्याबद्दल आशा व्यक्त केली हे खरे. परंतु पहिल्या चाचणीशी तेलाचा संबंध नंतरच्यांनी जोडला.

ही दुरुस्ती केवळ तारखेपुरती नाही. 'डिझेल इंजिन मुळातच तेलावर चालत असे, तेव्हा आजही चालेल' हा समज याच आख्यायिकेवर पोसला गेला आहे. त्या काळची इंजिने मंदगती व जाड घडणीची होती. खान्देशातील विहिरींवर धडधडणारी जुनी ऑइल इंजिनेही त्याच कुळातील. १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्ससारख्या उद्योगांनी ती महाराष्ट्राच्या शेतीत रुजविली. अशा यंत्रांना इंधनातील थोडाबहुत दोष सहन होत असे. आजच्या कॉमन रेल प्रणालीत इंधन दीड-दोन हजार बार इतक्या दाबाने अतिसूक्ष्म छिद्रांतून फवारले जाते. तेथे किंचित डिंक साचला तरी फवारा बिघडतो. म्हणजे काळाच्या ओघात इंजिनाची कार्यक्षमता वाढली तशी त्याची सहनशीलता घटत गेली. "पूर्वी चालत होते" हा चालकांच्या तोंडी असणारा दाखला म्हणूनच फसवा आहे.

तेलाकडून एस्टरकडे

कच्चे वनस्पती तेल डिझेलपेक्षा अनेक पटींनी घट्ट असते. ते जसेच्या तसे जाळल्यास नोझलच्या तोंडाशी कोळशाचा थर बसतो, पिस्टनच्या रिंगा चिकटतात आणि वंगण तेल दाट होते. भारतातही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, आयात इंधनाचा तुटवडा असताना, देशी वनस्पती तेलांवर डिझेल इंजिने चालविण्याचे प्रयोग झाले व १९४२ मध्ये त्यावरील निबंध प्रसिद्ध झाला. युद्ध संपले, स्वस्त खनिज तेल आले आणि तो विषय मागे पडला.

घट्टपणाचा प्रश्न सोडविण्याची रासायनिक वाट त्याआधीच सापडली होती. १९३७ मध्ये बेल्जियममध्ये पाम तेलाचे अल्कोहोलच्या साहाय्याने एस्टरमध्ये रूपांतर करून ते इंधन म्हणून वापरण्याचे पेटंट देण्यात आले आणि पुढील वर्षी ब्रुसेल्स-लूव्हाँ मार्गावर अशा इंधनावर बसगाडी धावली. आज ज्याला बायोडिझेल म्हणतात ते हेच. स्थूलमानाने १०० किलो तेलावर १० किलो मेथनॉलची सोडियम किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या साक्षीने क्रिया केली असता सुमारे १०० किलो मिथाइल एस्टर व १० किलो ग्लिसरीन मिळते. सरकीचे, करंजाचे किंवा ढाब्यावरच्या कढईतले तेल गाळून टाकीत ओतणे म्हणजे बायोडिझेल वापरणे नव्हे, हा भेद येथे ध्यानात घ्यावा लागतो.

क्रिया अर्धवट राहिली तर ग्लिसराइड उरतात, धुलाई नीट झाली नाही तर साबण व मेथनॉल उरते. दक्षतेचे बहुतेक नियम या उरलेल्या पदार्थांभोवती फिरतात. शुद्ध बायोडिझेल साध्या डिझेलपेक्षा पेट घेण्यास कठीण असते व त्यामुळे साठवणुकीस अधिक सुरक्षित मानले जाते. पण त्यात मेथनॉल राहिले की हा गुण नाहीसा होतो. म्हणूनच भारतीय मानक आयएस १५६०७ मध्ये मेथनॉलचे प्रमाण वजनाच्या ०.२० टक्क्यांपर्यंत मर्यादित केले आहे. मेथनॉल हे विष आहे, हेही विसरता येत नाही.

दुसरा गट बायोडिझेलच्या स्वतःच्या स्वभावाशी निगडित आहे. ते चांगले विद्रावक आहे. जुन्या गाडीच्या टाकीत वर्षानुवर्षे बसलेला गाळ ते सोडविते आणि तो फिल्टरमध्ये येऊन अडकतो. त्यामुळे पहिल्या काही टाक्यांनंतर फिल्टर बदलणे ही जगभर दिली जाणारी सूचना आहे. जुन्या नैसर्गिक रबराच्या नळ्या व नायट्राइल रबराची सीलेही त्याने फुगतात वा नरम पडतात. तांबे, पितळ, जस्त, शिसे यांच्या सान्निध्यात त्याचे ऑक्सिडीकरण जलद होते. ते डिझेलपेक्षा अधिक पाणी शोषते आणि पाण्याबरोबर जंतूंची वाढ येते. शिवाय न जळलेले बायोडिझेल सहजासहजी उडून जात नसल्याने ते वंगण तेलात उतरून साचते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ वाहनांत काजळीचा फिल्टर साफ करण्यासाठी जादा इंधन सोडले जाते, तेव्हा हा धोका वाढतो.

मुक्ताईनगर परिसराच्या दृष्टीने यांतील साठवणुकीचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ऊस वाहणारे ट्रॅक्टर गाळप हंगाम संपल्यावर अनेक महिने उभे असतात. उन्हाळ्यात येथील पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि लगेच पावसाळ्याची दमट हवा येते. अर्धी रिकामी टाकी, उष्णता व ओलावा यांपेक्षा बायोडिझेलला अधिक प्रतिकूल परिस्थिती नाही. २००५ च्या मानकात ११० अंश सेल्सिअसला किमान ६ तास टिकण्याची अट घातली गेली ती यासाठीच. हे इंधन सहा महिन्यांच्या आत वापरून संपवावे, हा साधारण संकेत आहे. हंगामी वाहनाच्या बाबतीत त्याचा अर्थ असा, की गाडी उभी करण्यापूर्वीच्या शेवटच्या फेऱ्या साध्या डिझेलवर कराव्यात. याउलट हिवाळ्यात, विशेषतः पामपासून केलेल्या बायोडिझेलमध्ये, पहाटेच्या थंडीने मेणासारखे कण धरतात. पामच्या एस्टरला १५ अंशांच्या आसपासच ढगाळपणा येतो आणि खान्देशात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तापमान त्याहून बरेच खाली जाते.

मोगली एरंडाचे दशक

भारतात बायोडिझेलचा राजकीय उदय २००३ च्या नियोजन आयोगाच्या अहवालाने झाला. पडीक जमिनीवर मोगली एरंड लावून २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के मिश्रण गाठण्याचे स्वप्न त्यात मांडले होते. ३१ डिसेंबर २००२ रोजी दिल्ली-अमृतसर शताब्दी एक्सप्रेस ५ टक्के मिश्रणावर धावली होती, त्यामुळे उत्साहाला आधारही होता. २००५ मध्ये खरेदी धोरण जाहीर झाले व १ जानेवारी २००६ पासून लिटरला २५ रुपये दर ठरला. त्या दरात उत्पादन परवडले नाही. २००९ च्या राष्ट्रीय धोरणाने २० टक्क्यांचे लक्ष्य २०१७ वर ढकलले, आणि प्रत्यक्षात मिश्रण एक टक्क्यापर्यंतही पोहोचले नाही.

या अपयशाची पूर्वसूचना उत्तर महाराष्ट्रात आधीच मिळालेली होती. नाशिकच्या ॲग्रो फॉरेस्ट्री फेडरेशनने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मोगली एरंडाची लागवड हाती घेतली होती व अपेक्षित उत्पन्न न आल्याने शेतकऱ्यांना ती सोडावी लागली होती. दिल्लीतील नियोजनकर्त्यांनी हा अनुभव पुरेशा गांभीर्याने घेतला असता, तर अनेक शेतकऱ्यांची वर्षे वाचली असती. या झाडाच्या, म्हणजे चंद्रज्योतीच्या, बिया खाऊन शाळकरी मुलांना विषबाधा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात आजही अधूनमधून येतात. लागवडीचा प्रचार करताना कुंपणावरच्या या विषाची सूचना गावोगावी किती पोहोचली, हा प्रश्न उत्तरदायित्वाच्या चर्चेत सहसा विचारला जात नाही.

२०१८ च्या धोरणात भर बदलला. वापरलेले खाद्यतेल हा कच्चा माल म्हणून पुढे आला. त्याच वर्षी १ जुलैपासून तळणाच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांची मर्यादा २५ टक्के ठरविण्यात आली. महामार्गावरील ढाब्यांच्या कढईतील तेल पुन्हा अन्नात न जाता इंधनाकडे वळावे, ही कल्पना निःसंशय चांगली आहे. मात्र अशा तेलात मुक्त मेदाम्ले अधिक असल्याने त्यावर आधी आम्लाची प्रक्रिया करावी लागते. घरगुती पिंपात ती नीट साधत नाही, आणि हाती येतो तो साबण.

पाटी आणि पदार्थ

३० एप्रिल २०१९ रोजी केंद्र सरकारने बायोडिझेलच्या किरकोळ विक्रीविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांच्या शीर्षकातच विक्रीचा हेतू स्पष्ट आहे : हाय स्पीड डिझेलमध्ये मिश्रण. महामार्गावरील ग्राहक मात्र टाकी पूर्ण भरून घेत होता. डिझेलच्या भारतीय मानकात ७ टक्क्यांपर्यंत बायोडिझेल सामावलेले आहे आणि ६ ते २० टक्के मिश्रणासाठी आयएस १६५३१ हे स्वतंत्र मानक आहे. त्यापलीकडे वाहन उत्पादकाची संमती हाच आधार उरतो. त्यातही अनेक ठिकाणी विकला जाणारा पदार्थ एस्टर नसून औद्योगिक तेल किंवा बेस ऑइल असल्याचे आढळून आले. महाराष्ट्र शासनाला २०२१ मध्ये बायोडिझेलचे उत्पादन, साठवणूक, पुरवठा व विक्री यांच्या नियमनासाठी धोरण आणावे लागले ते या पार्श्वभूमीवर.

इंधन भेसळीचा या भागातील इतिहास रक्तरंजित आहे. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडी येथे इंधनाची भेसळ पकडण्यास गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. खान्देशाला इंधन पुरविणारे आगार तेथेच आहे. त्या काळी भेसळीचे साधन रॉकेल होते. दशकभरानंतर त्याची जागा एका प्रतिष्ठित, पर्यावरणस्नेही नावाने घेतली. रॉकेल मिसळणारा निदान लपून मिसळत असे, येथे मात्र पाटी उघड लावता आली.

दर्जाची जबाबदारी ग्राहकावर सोडणे किती अशक्य आहे, हे अमेरिकेच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. मिनेसोटा राज्याने सप्टेंबर २००५ पासून सर्व डिझेलमध्ये २ टक्के बायोडिझेल सक्तीचे केले. डिसेंबरच्या थंडीत ट्रकचे फिल्टर तुंबू लागले. दोष तपासता काही मालात ग्लिसरीनचे प्रमाण मानकाबाहेर आढळले आणि सरकारने काही काळ सक्तीच स्थगित केली. तेथे ट्रकमालकाला फिल्टरचा खर्च सोसावा लागला, पण चूक कोठे झाली हे शोधण्याचे काम त्याच्यावर पडले नाही. महामार्गालगतच्या पाटीवर विसंबलेल्या केळीच्या ट्रकमालकाच्या वाट्याला नेमके उलट आले. इंजेक्टर बिघडले, वॉरंटी नाकारली गेली, आणि विक्रेत्याकडून पक्की पावतीच घेतलेली नसल्याने दाद मागण्यास आधार राहिला नाही. म्हणून वापरकर्त्याच्या दक्षतांत फिल्टरपेक्षाही आधी येते ती पावती, विक्रेत्याची नोंदणी आणि मानकाच्या अनुरूपतेचे प्रमाणपत्र.

डोळ्यांनी वा वासाने हा भेद कळत नाही. घनतामापकही अपुरे पडते. बायोडिझेलची घनता १५ अंशांना ८६० ते ९०० किलो प्रति घनमीटर असावी लागते, पण काही बेस ऑइलेही त्या पट्ट्यात बसतात. एक साधी कसोटी मात्र कोणत्याही महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत करता येते. सुमारे २० ते २२ अंश तापमानाला २७ मिलिलिटर मेथनॉलमध्ये ३ मिलिलिटर नमुना घालून हलवितात व काही वेळ स्थिर ठेवतात. बायोडिझेल पूर्णपणे विरघळते. रूपांतर न झालेले तेल तळाशी बसते. खनिज तेलही मेथनॉलमध्ये विरघळत नसल्याने वेगळे दिसते. खान्देशातील मे महिन्यात ती खोलीच्या तापमानावर करून चालत नाही, मेथनॉल हाताळताना हवेशीर जागा व हातमोजे लागतात, आणि नमुना विरघळला म्हणजे तो मानकात बसला असेही नव्हे. पाणी, आम्लता व टिकाऊपणा यांसाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळाच हवी. परंतु पाटीखाली विकला जाणारा पदार्थ बायोडिझेल नाहीच, एवढे सांगण्यास तीस मिलिलिटरची ती परीक्षानळी पुरेशी असते.